डेमो गाडी

गाणं मधूनच सुरू झालं. मी बटण दाबलं, पायाखालचं डिझेल इंजिन एकदा हललं, मग एका लयीत घरघरायला लागलं, समोरचा पडदा उजळला, आणि चारी दारांतून एकदम तारप्याच्या सुरावर डीजे लावलेलं गाणं, तेही कडव्याच्या मध्यावर, एका शब्दाच्या अर्ध्यातून. मागच्या सीटवरून शेवाळेंचा हात दोन सीटांमधून पुढे आला आणि आवाज खाली गेला. शेवाळे नाशिकच्या शोरूमचे विक्रेते, पन्नाशीचे, आधी ट्रॅक्टर विकायचे, आज ही पांढरी डेमो गाडी घेऊन मोखाड्यावरून जव्हारला आले होते. त्यांचा हात परत मागे गेला. गाणं बंद करण्याची ती घाई मला गाण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आली. पडद्यावर मुकेशच्या फोनचं नाव होतं. आमच्या कचेरीच्या गाडीला असाच पडदा आहे, आणि नवा फोन तिला आपला आपण कळत नाही. आधी ओळख करून द्यावी लागते. दोन्हीकडे एकच आकडा दिसतो, गाडी विचारते हाच का, आणि माणसाला हो म्हणावं लागतं.

"तुला ओळखते ही," मी म्हणाले.

"नव्या गाड्यांना असतं तसं," मुकेश म्हणाला. तो शेजारी बसला होता, डेपोतून बाहेर पडणाऱ्या एस.टी.कडे बघत. "आपोआप घेतात."

आपोआप या शब्दावर मी क्लच सोडला. गाडी झटका न देता निघाली. ते मला आवडलं, आणि आवडलं याचा राग आला.

अकरा वर्षं मी मुकेशची बायको आहे आणि आमचं लग्न लागायचं आहे. आमच्या डोंगरात याचं कुणाला नवल वाटत नाही. लग्न म्हणजे दोन पाड्यांचं जेवण, दारू, वाजंत्री, लग्न लावणाऱ्या धवलेरीचा मान. तेवढं जमेपर्यंत माणसं थांबत नाहीत. घर मांडतात, पोरं होतात, आणि हातात चार पैसे आले की मग कधीतरी मांडव घालतात. माझ्या मावशीचं लग्न तिच्या लेकीच्या मांडवात लागलं, आधी आईचं, मग पोरीचं, कारण आईबापाचं राहिलेलं असेल तर पोरीचं लावता येत नाही. मी मावशीला हसले होते. तेव्हा मी बारावीला होते, जव्हारच्या वसतिगृहात, आणि माझं असं होणार नाही अशी माझी खात्री होती. आमचं दोनदा ठरलं. पहिल्यांदा प्रतीक्षा पोटात होती म्हणून पुढे गेलं. दुसऱ्यांदा गेल्या माघात. पैसे तयार होते, आणि मुकेश रात्री जेवताना म्हणाला, कविता, हे जेवणावळीत घालण्यापेक्षा गाडीत घालू. लांबवाली घेऊ, मागे समोरासमोर बाकं असलेली. पिवळ्या पाटीची, परमिटची. तुझ्या माहेरची वांगणी ते वावर, वावर ते जव्हार. चारी चाकांना जोर असलेली, म्हणजे पावसात जीपवाले जिथं हात वर करतात तिथंही जाईल. बाकांच्या मध्ये आजारी माणूस आडवा होईल. आणि पहिली फेरी आपल्या वऱ्हाडाची, तुझा अख्खा पाडा भरून मोखाड्याला माझ्या घरी न्यायचा. कर्ज तुझ्या पगारावर, गाडी तुझ्या नावावर, चालवायची दोघांनी. दोघांनी, हा शब्द त्यानं शेवटी ठेवला, आणि मी त्या शब्दावर मांडव पुढे ढकलला. आज गाडी चालवून बघायची, पटली तर संध्याकाळी जव्हारला परतून बुकिंगवर सही करायची, एवढं ठरलं होतं. मी म्हटलं, चालवायची तर वांगणीच्याच रस्त्यावर, दुसरीकडे चालवून काय कळणार. मुकेश म्हणाला, तिकडे कशाला, शिरपामाळाकडे, पर्यटकांच्या तंबूंपर्यंत जाऊन येऊ, रस्ता चांगला आहे. मी म्हटलं, चांगल्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. शेवाळे तेव्हा हसले होते.

जव्हार मागे पडलं. भाताची कापणी झालेली, खाचरं पिवळी, उडव्या रचलेल्या. शेवाळे मागून किंमत सांगत होते. मी किंमत ऐकत होते आणि गाडीही ऐकत होते, आणि दोन्हींच्या खाली काहीतरी तिसरं होतं, ते

खड्डा.

"बघा, पोटातलं पाणी हललं नाही," शेवाळे म्हणाले. "तर एक्स-शोरूम पंधरा धरा. त्यावर रोड टॅक्स, डिझेलला जरा जास्त बसतो. विमा. कोटिंग नको असेल तर नको, पण तुमची ही लाल माती, मॅडम, पांढऱ्या रंगाला चिकटली की चिकटली. मग हँडलिंग चार्ज."

"तो कशाचा?"

"गाडी हाताळण्याचा."

"आत्ता मी हाताळतेय. मला द्या मग."

शेवाळे मोकळे हसले. मुकेश हसला नाही. एरवी असल्या बोलण्यावर तो मांडीवर थाप मारतो. किंमत पाडायला तो उभा राहिला की बाजारात बायका जमतात, मेथीच्या जुडीसाठी तो इतकं गोड भांडतो. आज पंधरा लाखांच्या वस्तूवर त्याला एक रुपया कमी करून नको होता. जिची घासाघीस आधीच झाली आहे अशा वस्तूपुढे माणूस असा बसतो, असं मला वाटलं, आणि मी तो विचार आरशातून मागे टाकला. आरशात शेवाळे होते.

"पांढऱ्या पाटीला बरं आहे," ते म्हणत होते, "टॅक्स एकदाच, वर्षाची कटकट नाही—"

"पांढरी कशाला? आपली पिवळी आहे ना," मी म्हणाले.

आरशात शेवाळेंनी मुकेशच्या मानेकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. "हो हो," ते म्हणाले, "पिवळीचंही काढून देतो."

पिवळीचंही. मी विचारलं, "आणि ती लांबवाली, बाकांची, ती का नाही आणलीत? ही तर चारच माणसांची."

"तिला वेटिंग आहे," शेवाळे म्हणाले.

"ती बंद झाली," मुकेश म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. रस्त्यात एक म्हातारा माणूस बैल मोकळा सोडून उभा होता, त्यानं बैल बाजूला घेतला आणि गाडीकडे न बघता माझ्याकडे बघितलं, बाई चालवते म्हणून. मी गिअर खाली घेतला. मला गाडी मुकेशनं शिकवली. तेव्हा तो एका ठेकेदाराची जीप चालवायचा, रविवारी ठेकेदार झोपला की जीप घेऊन यायचा आणि सनसेट पॉइंटच्या रस्त्यावर मला चालवायला द्यायचा. चप्पल काढ, म्हणायचा. डोळे रस्त्यावर ठेव, गाडी पायानं ऐक. गिअरवर माझा हात आणि माझ्या हातावर त्याचा. तो हात गरम असायचा आणि डिझेलचा वास यायचा, आणि मी घरी आल्यावर हात लगेच धुवायचे नाही. आजही मी चप्पल काढूनच बसले होते. पायाला रबरी चटई लागत होती, नवी, दाणेदार, आणि तिचा वास, रबर, डिंक आणि काहीतरी कापरासारखं, तो वास

खड्डा. मोठा. उजवं चाक गेलं आणि वर आलं.

तो वास मला माहीत होता. मी या गाडीत आज पहिल्यांदा बसले होते आणि हा वास मला घरातला वाटत होता. गेल्या रविवारी मुकेश मोखाड्याला गेला होता, बापाच्या खळ्यावर नाचणी झोडायला. संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या अंगाला खाज नव्हती. नाचणी झोडून आलेला माणूस दोन दिवस खाजवत असतो. मी त्याचा शर्ट धुवायला घेतला, त्याला हा वास होता. मला वाटलं, मोखाड्यात कुठल्या दुकानात बसला असेल. नव्या चपलांचं दुकान. मी खरंच असं वाटून घेतलं होतं. कदाचित माझ्यासाठी चपला बघत होता. मी शर्ट पिळताना थोडी हसलेही होते, कुणी बघत नसताना, आणि आज वावरच्या अलीकडच्या चढावर मला त्या हसण्याची इतकी लाज वाटली की माझे कान तापले. फसवलं जाणं एकदाच होत नाही. ते आधी होऊन गेलेलं असतं आणि मग आपण मागे जाऊन प्रत्येक दिवशी पुन्हा फसतो: रविवारी, सोमवारी, मंगळवारी भाजी निवडताना.

ओहोळापाशी उतार सुरू झाला. मी थांबले. "आता फोर लो टाका मॅडम," शेवाळे म्हणाले, "चारी चाकांना जोर मिळतो, गाडी आपली आपण उतरेल, ब्रेकवर पाय नको." मोठ्या गिअरशेजारी एक छोटा दांडा असतो, तो दाबून ओढावा लागतो. मी खाली बघून शोधू लागले. मुकेशचा हात आला, तो समोर ओहोळाकडे बघत होता, हातानं न बघता दांडा धरला, दाबला, थोडा डावीकडे, आणि मागे. हाताला सवय असते. खोटं सांगायचं तोंड सांगतं, हात बिचारा आपलं काम करतो. गाडी दगडांवरून उतरायला लागली, हळू, चारी पाय रोवत, एखादी शेळी उतरावी तशी, आणि मला कळलं की ही गाडी खरोखर चांगली आहे. या रस्त्याला हीच हवी. हेही त्यानं घाण करून ठेवलं, असं मनात आलं.

ओहोळ चढून टेपावर, रस्त्याच्या सगळ्यात उंच जागी आलो. या टेपावर शेवटची रेंज असते, त्याच्यापुढे वांगणीपर्यंत काही नाही. तिथंच फोन वाजला. वाजला म्हणजे गाडीच वाजली, चारी दारं. पडद्यावर अक्षरं आली: शेठ शिरपामाळ. मुकेशनं खिशात हात घातला. स्टिअरिंगवर हिरव्या फोनची खूण होती आणि माझा अंगठा तिच्यावरच होता. मी दाबली की दाबली गेली, हे मी नंतर स्वतःला बरेचदा विचारलं.

"हां मुकेश, काय," एक पुरुष म्हणाला, आमच्या तिघांच्या मधोमध बसल्यासारखा. "बाईंची सही झाली का? हे बघ, वरून उघडणारीच घे, मुंबईच्या पब्लिकला तीच लागते. पाटी पांढरी. शनिवारी दोन ग्रुप आहेत, गाडी तंबूवर पाहिजे मला. आणि ते लग्नाचं मे महिन्यात बघू म्हणावं बाईंना, सीझन नको घालवूस. हॅलो? ऐकतोयस ना?"

मुकेशनं फोन बाहेर काढून कापला.

"रेंज गेली वाटतं," शेवाळे म्हणाले. रेंज पूर्ण होती, पडद्यावर दिसत होती.

मला थांबायचं होतं. गाडी वळवून, जव्हारला, घरी, दार लावून. पण त्या रस्त्याला एका बाजूला कडा आणि एका बाजूला दरी, वळायला पाड्यापर्यंत जागाच नाही. म्हणून मी पुढे चालवत राहिले. हे लिहायलाही विचित्र वाटतं, की माणूस आपल्या आयुष्यातला एवढा मोठा धक्का खाऊन पुढे जात राहतो तो केवळ रस्ता अरुंद आहे म्हणून.

"हप्ता कुठून भरणार होतो आपण?" मुकेश म्हणाला. आवाज खालचा, शेवाळेंना ऐकू जाऊ नये असा, आणि गाडीत सगळं ऐकू जात होतं. "वांगणीच्या भाड्यातून? अर्धा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो. बसणार कोण, कोंबड्या? शेठ महिन्याचे बांधून देतोय. तीन वर्षं. मीच चालवणार. डोकं लाव ना जरा."

"मग लावलं असतं. विचारलं असतंस तर."

"सांगणारच होतो मी."

"कधी?"

त्यानं खरं उत्तर शोधलं, आणि खरं सांगितलं. "सही झाल्यावर."

मला राग यायला हवा होता तो आला नाही. त्याचं हप्त्याचं गणित बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी दिसत होतं. माझं गणित मीही केलं होतं, त्यात मी माझे ओव्हरटाइमचे पैसे घातले होते, त्याला न सांगता, त्याला नंतर गंमत म्हणून सांगायचं होतं. पण तंबूवरच्या एका अनोळखी माणसाला माझं लग्न माहीत होतं. त्याचा महिना ठरवायला तो बसला होता. मुकेश त्याच्यासमोर कसा म्हणाला असेल ते? बाई लग्नासाठी अडून बसलीय शेठ. हसत? चहा पिताना? मी कधी अडून बसले? अकरा वर्षांत मी

खड्डा.

आणि मग वांगणी.

पाड्यावर पुरुष जवळजवळ नव्हतेच, दिवाळीनंतर भिवंडीकडे गेलेले. खळ्यावर बायका नाचणी झोडत होत्या. पांढरी नवी गाडी आली, चाकावर मी, शेजारी मुकेश, मागे शर्ट आत खोचलेला साहेब. त्यांना विचारायचं काही उरलंच नाही. गाडी येणार हे माझ्या आईनं, गौरानं, वर्षभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आली. मी दार उघडून खाली उतरेपर्यंत बायकांतली चंदना घरात पळाली आणि वाटीत हळद कालवून बाहेर आली, कुणीतरी कोंबडा धरला, कुणी तांदूळ आणले. आणि माघीआजी उठली. माघीआजी आमच्या पाड्याची धवलेरी. ती गायली की लग्न लागतं, ब्राह्मण लागत नाही. सत्तरीची, एक डोळा गेलेला, आणि आवाज असा की ओहोळापलीकडे जातो.

"थांबा," मी म्हणाले. "अगं थांबा, ही—"

"तू लांब उभी ऱ्हा, बाय," चंदना म्हणाली. माझ्यापेक्षा लहान आहे, पण तिचं लग्न लागलंय. "तुला हळदीला हात लावायचा नाय. तुझं बाकी हाय अजून." आणि सगळ्या हसल्या, मीही नेहमी हसते तशी हसले असेन. ज्यांचं लग्न लागलेलं नाही त्यांनी हळद लावायची नाही. अकरा वर्षं मी बहिणींच्या, मैत्रिणींच्या, भाचीच्या हळदीला कुडाला टेकून उभी राहिले आहे, हात मागे बांधून, आणि नंतर भांडी घासली आहेत. बायकांनी बॉनेटला हळद फासली, दिव्यांना, दारांना. शेवाळे एकदा म्हणाले, "अहो ताई, डेमो आहे," पण डेमो म्हणजे काय ते कुणाला माहीत नव्हतं, त्यांना वाटलं गाडीचं नाव आहे. "डेमोबाय, डेमोबाय," दुसरी एक, चिमी, म्हणाली आणि तिनं तांदूळ टाकले. मी मुकेशकडे बघत होते. त्यानं आता बोलायचं होतं. एवढं तरी. तो हसत उभा होता, लोकांनी कौतुक केल्यावर उभा राहतो तसा, एक हात गाडीच्या छतावर ठेवून.

माघीआजी गायला लागली. मांडव कसा घातला, भिंतीवर चौक कसा लिहिला, कुठल्या देवीला बोलावलं, पाहुणे कुठल्या घाटानं आले. निम्म्यावर ती थांबली. लग्नात इथं ती नवऱ्याचं नाव विचारते आणि ते गाण्यात घालून पुढे जाते. ती गाडीभोवती फिरून आली, एका डोळ्यानं आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हिचा धनी कोन?"

"मी," मुकेश म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला. शर्टाला बटण लावताना माणूस विचार करत नाही तसा. कर्ज माझ्यावर, नाव माझं, सही माझी, आणि मला वाटतं त्या क्षणी त्याला यातलं काही आठवलंही नाही. तो खोटं बोलला असता तर मी सहन केलं असतं. तो खोटं बोलत नव्हता.

"आजी," मी म्हणाले, "गाडी दुकानाची हाय. हे शेवाळेसाहेब धनी. चालवून बघायला दिली नुस्ती. आता परत जायची."

माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. कोंबडा धरलेली बाई कोंबड्याकडे बघून म्हणाली, "वाचला रांडेचा," आणि त्याला सोडून दिलं. दोघीजणी हसल्या, मग हसणं बंद झालं. "कविता," मुकेश दात न उघडता म्हणाला, "माणसांत काय हे," आणि खिशातून फोन काढून टेपाच्या दिशेनं चालायला लागला, रेंज शोधत.

शेवाळे गाडीकडे बघत होते. पांढऱ्या रंगावर उन्हात हळद वाळायला लागली होती. "उद्या इगतपुरीला दाखवायचीय हो ही," ते म्हणाले. "डाग बसेल. जरा पाणी मिळेल का? कुणी पुसेल का?"

"लावलेली हळद आमी पुसत नाय, भाऊ," माघीआजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रीत सांगितली. "जिनं लावली तिनं तर नायच. सवाशिणीनं पुसली तर तिच्या घरावर येतं."

"मग आता?"

आई म्हणाली, साहेबानं स्वतः पुसावी. शेवाळेंनी खिशातून पांढरा रुमाल काढला, त्याकडे बघितलं, परत ठेवला. मी घरातून घमेलं आणलं, जुनं लुगडं फाडलं. "मी पुसते," मी म्हणाले. "मला चालतं." आईनं घमेल्यात पाणी ओतलं. माझं कारण बरोबर होतं. माझं लग्न लागलेलं नव्हतं, मला लावायचा हक्क नव्हता, मग पुसायला मला कोण अडवणार? माझ्या घरावर यायला माझं घर अजून कुणी मांडून दिलं नव्हतं. मी बॉनेटपासून सुरुवात केली. हळद ओली झाली की आधी पसरते. सगळं बॉनेट पिवळं झालं, मग फिकट, मग कडेला रेघा राहिल्या. बायका खळ्याकडे गेल्या. शेवाळे माझ्या मागे मागे फिरत होते आणि मला आता समजतं की तो माणूस वाईट नव्हता, तो फक्त काहीतरी करू बघत होता, आणि त्याला एकच गोष्ट करता येत होती.

"विमा आम्ही देतो, मॅडम. पहिल्या वर्षाचा."

मी दिवा पुसला.

"हँडलिंग काढून टाकलं. तुमचं बरोबर होतं."

दार.

"मॅनेजरशी बोलतो. अजून तीस हजार कमी करतो. बाकांची गाडी फेब्रुवारीपर्यंत मिळेल. ती बंद झालेली नाही. खरं सांगतो, गेल्या रविवारी मोखाड्याला सरांबरोबर ते शेठ होते, त्यांनीच नको सांगितली. मला वाटलं, घरी बोलणं झालंय."

"मलाही," मी म्हणाले.

मी पाणी बदलायला उठले तेव्हा मुकेश टेपावरून परत येत होता, भराभर, चेहरा उजळलेला. त्याला इतकं हलकं मी बरेच दिवसांत बघितलं नव्हतं. "झालं," तो म्हणाला, "मिटलं सगळं. शेठ स्वतःच्याच नावावर घेतोय. आजच. मला ड्रायव्हर ठेवतोय, पगारावर. तुझी सही लागणारच नाही." तो माझ्याकडे बघत होता, मी आनंदी होईन याची वाट बघत. त्याला खरंच वाटत होतं की अडचण सहीची होती आणि ती त्यानं माझ्यावरून काढून घेतली. त्याच्यात लबाडी शोधायला गेलं तर मिळाली नसती. मला ती मिळायला हवी होती. लबाड माणसाला सोडता येतं.

"चल, बस. शेठ वाट बघतोय जव्हारला."

"तुम्ही जा."

"आणि तू? प्रतीक्षा शाळेतून येईल."

"शेजारच्या मीनाकडे जाईल ती. मी वावरपर्यंत चालत येते. तिथून जीप मिळेल."

मी वाट बघितली, हे कबूल करायला हवं. त्यानं गाडीकडे बघितलं, शेवाळेंकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "मग रात्री बोलू," तो म्हणाला, आणि चाकावर बसला. सीट मागे सरकवली, दोन बोटं, माझ्या पायांसाठी पुढे घेतलेली. शेवाळेंनी जाताना मला नमस्कार केला, घरच्या मोठ्या माणसाला करतात तसा. गाडी वळली. ओहोळाच्या चढावर तिचा आवाज बदलला, त्यानं गिअर वेळेवर घेतला, आणि मग नुसता ओहोळ.

मी घमेलं उपडं करून कुडाशी बसले. खळ्यावर पुन्हा काठ्या चालू झाल्या. माघीआजी माझ्याशेजारी येऊन बसली, पाय लांब केले, गुडघा चोळला. मग म्हणाली, "माझं अर्धंच झालं."

"काय?"

"गानं. देवीला बोलावली, पाव्हनं आनलं घाटावरून, आन् तसंच सोडलं. मधी सोडत नाय ते. सगळी तिथंच उभी ऱ्हातात."

"मग?"

"मग काय, पुरं करायला लागंल."

"कुणासाठी?"

तिनं माझा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा. मनगटापर्यंत पिवळा होता, नखांच्या कडेला गडद. तिनं तो तसाच धरून ठेवला. डोळा मिटला आणि गायला लागली, मोठ्यानं नाही, ओहोळापलीकडे जाईल असं नाही, आम्हा दोघींपुरतं. मांडवाच्या दारात उभे असलेले पाहुणे आत आले, बसले, पाणी प्यायले. खळ्यावरच्या काठ्या एकेक करून थांबत गेल्या. मग ती त्या जागी आली, नवऱ्याचं नाव विचारायच्या. थांबली. डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. नाही.

तिला वाटलं, मी ऐकलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, गाण्यातच, हळू. मी पुन्हा मान हलवली. माघीआजीनं एक श्वास घेतला, नावाएवढी जागा तशीच मोकळी सोडली, आणि पुढची ओळ धरली.